अधिकच्या टोकाचा ठिपका

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. गावाकडं आईलाही नाही. तुम्हाला सांगायला बसलोय खरा — पण जीभ उचलत नाही.

मी सावंतवाडीकडचा. आठवीत शाळा सोडली, भटकत कळमनुरीला आलो. देवरावकाकांनी त्यांच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात ठेवून घेतलं, काकूंनी घरात जेवायला बसवलं. परक्या पोराला एवढं कोण करतं?

दुकानात अजूनही जुने व्हॉल्व्हचे रेडिओ येतात. त्यांतले कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणाऱ्या डब्या, आतून वाळलेले असतात, बदलावेच लागतात. आमची रीत ठरलेली — जुना मी काढायचा, पण आधी त्याच्या अधिकच्या, म्हणजे प्लसच्या, टोकापाशी सेटच्या पत्र्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. तो बघून नवा काका जोडायचे. उलटा जोडला तर फुटतो.

एकदा ठिपका मी दुसऱ्याच टोकाला दिला. घाई होती? नव्हती. लक्ष नव्हतं.

काकांनी बटण फिरवलं. आधी नुसती घरघर, मग फाटकन् — कंडेन्सर फुटला, ट्रान्सफॉर्मरही जळाला. धुरानं काकांचे डोळे चुरचुरले, ते बाहेर तोंड धुवायला गेले. तिथूनच ओरडले, "तुला लागलं तर न्हाई ना रं, लेकरा?"

"न्हाई, काका."

हे म्हणताना माझ्या हातात थिनरचा बोळा होता. ठिपका पुसला. बरोबर टोकाला नवा दिला. फुंकर मारून वाळवला — इतका शांतपणे की आजही मला माझीच भीती वाटते.

काका भिंग लावून बघत राहिले. "ठिपका तर बराबर हाय. मग मी उलटा काहून जोडला?"

मी थिनरच्या बाटलीला बूच लावलं.

गिऱ्हाइकाला काकांनी सांगितलं, "माझ्याच हातून बिघडलं." मग नांदेडला जाऊन डोळे तपासून आले. नजर चांगली निघाली. काका म्हणाले, "मंग डोक्यातच बिघाड हाय म्हणायचा."

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? मी काय म्हणालो, ऐका — "वय झालं काका, होतं असं."

त्यानंतर त्यांनी सोल्डरिंगला हात लावलेला नाही. कुणी सेट घेऊन आलं की माझ्याकडं बोट दाखवतात, "त्याला द्या. माझं काई खरं न्हाई."

आता घराला कुलूप लावलं तरी मला म्हणतात, "जरा ओढून बघ रं."

मी ओढून बघतो. दर वेळी नीट लागलेलं असतं.