अण्णांचं दुखणं

जन्मभर ट्रक चालवलेले माझे वडील हल्ली चहाही उभ्यानेच प्यायचे. एकदा मी फारच विचारल्यावर हळूच म्हणाले, "शौचाला रक्त जातंय गं. कॅन्सर तर नसेल?"

डॉक्टरांनी नीट तपासलं. "मूळव्याध आहे, आजोबा. बैठं काम, बद्धकोष्ठता, कुंथणं यांमुळे होते. औषध देतो. पालेभाज्या खा, पाणी भरपूर प्या. ऑपरेशन नको." अण्णांचे डोळेच भरून आले.

छातीत कळ आली तर माणूस गावभर सांगतो. हे दुखणं मात्र लाजेपायी घरातही लपवतो.

"आईला सांगू नकोस," वाटेत ते म्हणाले.

दारातच आईने विचारलं, "आलात दाखवून?"

अण्णा चपापले.

"रोज ताक, पालेभाजी उगीच करत होते का? तुम्ही कधी सांगताय, याची वाट बघत होते."