जुईचं पहिलं वाक्य

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आज तुम्हाला सांगायला बसलेय, आणि तरी जीभ अडखळतेय — कुठून सुरुवात करू?

मी धुळ्यात, देवपूरला, बालवाडी चालवते. उशिरा बोलणाऱ्या मुलांच्या आया माझ्याकडे येतात. मी त्यांना सांगते — मुलासमोर जमिनीवर बसा. ते ज्याकडे बघतंय त्याचं नाव घ्या, मग गप्प राहा, त्याला वेळ द्या. 'म्हण, म्हण' करून मागे लागू नका. घरात जी भाषा असेल ती खुशाल बोला. आया म्हणतात, ताई, तुमच्याकडे किती संयम आहे! संयम? माझ्याकडे?

माझी जुई अडीच वर्षांची होऊन गेली तरी बोलत नव्हती. कान ठीक होते. हवं त्याकडे बोट दाखवायची, हाताला धरून ओढत न्यायची — पण शब्द नाही. मी तेव्हा एका शाळेत लहान मुलांना शिकवत होते, आणि माझीच पोर मुकी! तिला सांभाळायला सासूबाई धरणगावहून आल्या होत्या. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. अक्का शेंगा सोलता सोलता तिच्याशी अहिराणीत बोलत बसायच्या, तिच्या उत्तराची घाई न करता. मला ते सहन व्हायचं नाही. माझ्या माहेरीही अहिराणीच. मी ती जिभेवरून खरवडून काढली होती. आता पोरीला तीच लागणार?

म्हणून शाळेतून आले की मी जुईला समोर बसवायची. पाण्याचा पेला वर धरायची. म्हण पाणी. पा — णी. बोलली नाहीस तर मिळणार नाही. धुळ्यातला मे महिना, पोरीचे ओठ सुकलेले. ती हात पसरायची, मी पेला आणखी वर न्यायची. रडली की जबडा बोटांत दाबून धरायची. चिमटे काढायची — दंडाला, फ्रॉकच्या बाहीखाली, कुणाला दिसणार नाहीत असे. मी याला शिकवणं म्हणत होते.

त्या दुपारी अक्का गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या. मी पेला घेऊन बसले. जुईनं पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि म्हणाली — स्पष्ट, अख्खं वाक्य — "माले पानी दे."

तुम्ही काय केलं असतंत? उचलून कवटाळलं असतंत ना? मी तो भरलेला स्टीलचा पेला तिच्या तोंडावर हाणला.

एकदा नाही. पहिल्या फटक्यानं ओठ फाटला. दुसऱ्यानं पुढचा दात निखळला. पाणी आणि रक्त एक होऊन फ्रॉकवर ओघळलं. तिसऱ्यांदा हात उचलला, तेव्हा ती किंचाळली, म्हणून थांबले. दया आली म्हणून नाही — गच्चीवर ऐकू जाईल म्हणून. राग कशाचा होता? अहिराणीचा? की तिनं पहिलं वाक्य माझ्याकडून नाही, अक्कांकडून घेतलं, याचा? दोन्हीचा. दुसऱ्याचा जास्त.

अक्का धावत खाली आल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी ओरडले, "तुमच्यामागे जिना चढायला गेली आणि पडली! लक्ष कुठे असतं तुमचं?"

ओठाला टाके घालणाऱ्या डॉक्टरांनाही तेच सांगितलं. नवरा घरी आल्यावर त्यालाही.

"ती जिनाकडे गयीच नही," अक्का त्याला म्हणाल्या. "मंग ह्या गिलासले रगत कसं लागेल शे?"

"पडल्यावर मी पाणी पाजत होते," मी म्हणाले. किती चटकन सुचलं!

त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. आईची पिशवी रस्त्यावर भिरकावली. दंडाला धरून तिला फरफटत बाहेर काढलं. अक्कांचं कपाळ चौकटीवर आपटलं, फुटलं. जुई माझ्या कडेवर होती. सुजल्या तोंडानं बघत होती.

त्यानंतर जुई कित्येक महिने एक शब्दही बोलली नाही. जळगावला बोलण्याचे उपचार करणाऱ्या एका बाईंकडे नेलं. त्यांनी विचारलं, आधी काही बोलायची का? मी नाही म्हणाले. आज आयांना जे सांगते ते सगळं त्यांच्याकडूनच शिकले. जुई हळूहळू बोलायला लागली. मराठीत.

मोठी झाल्यावर तिनं ओठावरच्या व्रणाबद्दल विचारलं. मी म्हणाले, अक्कांचं लक्ष नव्हतं, जिन्यावरून पडलीस.

गेल्या वर्षी अक्का जळगावच्या एका दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होत्या. आम्ही भेटायला गेलो. त्यांनी जुईपुढे हात केला. "ये वं माय, जवळ ये."

जुई दारातच थांबली. "तुमच्यामुळे पडले होते ना मी?" ती म्हणाली.

अक्कांनी तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. बघत राहिल्या. एक वाक्य पुरलं असतं. मी सलाइनच्या बाटलीकडे नजर वळवली. थोड्या वेळानं त्यांचा हात गादीवर पडला. त्याच आठवड्यात त्या गेल्या. जुई रडली नाही.

आता जुई भरभरून बोलते. शाळेतल्या भांडणांपासून सगळं मला येऊन सांगते. माझ्यावर तिचा फार विश्वास आहे.

हे मी तुम्हाला सांगितलं. तिला नाही.