ऐताळांचा न पुसला जाणारा लॉग

दुधाच्या शीतगृहांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर चालवणारी एक कंपनी बंगळुरूच्या जयनगरात आहे. तिथे माधव ऐताळ कित्येक वर्षं नाकाने कांदे सोलत बसले होते. माणूस कुंदापूरकडचा, हुशारी मोप, पण ती सगळी स्वतःचीच आरती ओवाळण्यात खर्ची पडलेली. दर्शिनी हॉटेलात उभ्याने, एकात दोघं अशी बाय-टू कॉफी पिताना ते समोरच्याला ऐकवायचे, "मी बांधलेल्या लॉगमध्ये फक्त भर पडते. खोडणं नाही, बदलणं नाही. ब्रह्मदेवाच्या बापालाही जमायचं नाही."

लॉग म्हणजे शीतगृहाचं तापमान, इशारे, दाबलेली बटणं यांची संगणकातली नोंदवही. तिची मांडणी साधी. प्रत्येक नोंद डेटाबेसमध्ये एका किल्लीखाली जायची. किल्ली म्हणजे शीतगृहाचा क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ. त्याच किल्लीने दुसरी नोंद आली, तर डेटाबेस मुकाट्याने पहिली फेकून दुसरी ठेवतो. हे कुणीही सांगितलं असतं, पण सांगायला गेलेल्याला ऐताळ विचारायचे, "आपण कुठल्या कॉलेजचे?"

मग मंड्याच्या शीतगृहातलं दूध नासलं. त्या वेळी कंपनीत देखरेखीच्या ड्यूटीवर सुमना होती. इशारा येताच बटण दाबून प्लांटला कळवलं, असं ती सांगत होती. लॉगमध्ये तिची नोंदच नव्हती.

"सर, मी दाबलं होतं. एकदा नीट बघा ना."

"लॉग खोटं बोलत नाही अम्मा, माणसं बोलतात."

तिच्या नोकरीचा निकाल सोमवारच्या बैठकीत लागायचा होता. तिला पुरतं गाडायचं म्हणून ऐताळ शनिवारी पुरावा जमवायला बसले. तिने सांगितलेल्या नेमक्या सेकंदाला थर्मामीटरची नोंद बसलेली दिसली. त्यांनी एकाच सेकंदात दोन नोंदी टाकून पाहिल्या. एक गायब. त्यांना घाम फुटला, तो सुमनाच्या काळजीने नव्हे, स्वतःच्या नावाच्या. त्यांनी गुपचूप किल्लीला अनुक्रमांक जोडला आणि घरी जाऊन जेवले. असल्या माणसाला हलकट म्हणायचं नाही, तर तो शब्द राखून ठेवायचा कुणासाठी?

सोमवारी बैठकीत गप्प बसते, तर निभावलंही असतं. पण शेखी मिरवल्याशिवाय ह्यांना अन्न पचत नाही.

"मॅडम, किल्लीत मी एक सुधारणा केलीय," ते म्हणाले. "आता एका सेकंदात शंभर नोंदी येऊ देत, एकही हरवणार नाही."

कंपनीच्या प्रमुख वसुंधरा मॅडम सुमनाच्या बडतर्फीच्या कागदावर सही करत होत्या. त्यांचा हात थांबला.

"आता हरवणार नाही? म्हणजे आधी हरवत होत्या?"

"तसं क्वचित... वेळ जुळली तरच."

मॅडमनी कागद फाडला. ऐताळ घाईघाईने समजावू लागले, की दोष डेटाबेसचा आहे, तो असाच वागतो. कुणी ऐकत नव्हतं. समोर बसलेल्या सुमनाने त्यांना शांतपणे विचारलं, "सर, तुम्हाला हे कधी कळलं?"

ऐताळांनी मॅडमकडे पाहिलं, मग टेबलाकडे.

"शनिवारी," ते म्हणाले.