सूर्याकडे तोंड, समुद्राकडे पाठ

जावेचा हात मी सोडला. लाट डोक्यावरून गेली होती, नाकातोंडात खारं पाणी होतं आणि जाऊ मला आत ओढत होती. तिचं आणि तिच्या ओल्या लुगड्याचं सगळं वजन माझ्या एका हाताला लटकलं होतं. मी बोटं उघडली. पुढच्या लाटेनं मला रेतीवर घासत काठाला आणून टाकलं. गुडघ्यांवर उठून मागे पाहिलं तर ती पंधरा-वीस हात आत होती. तिचा पांढरा बुचडा तेवढा दिसत होता, मग तोही दिसेना. मी ओरडायला तोंड उघडलं, तर आधी पाणीच बाहेर आलं.

आम्ही घाटंजीजवळच्या खेड्यातल्या. जावेची मुलगी लग्न होऊन अंदमानात राहते, जावयाची तिकडे नोकरी आहे. दिवाळीनंतर तिनं आईला बोलावलं. आई म्हणाली, जाऊबाई येत असल्या तरच येतो. आम्ही दोघींनी एका घरात चाळीस वर्षं काढली आणि जन्मभर एकमेकींशीच सगळ्यात जास्त भांडलो. पण विमानात बसायचं म्हटल्यावर तिला शेजारी मीच पाहिजे होते.

पुतणीनं आम्हाला बोटीनं दुसऱ्या बेटावर नेलं. तिथला पांढऱ्या रेतीचा किनारा फार नावाजलेला आहे म्हणे. सकाळी आठच्या सुमारास उंच उंच झाडांतून बाहेर आलो आणि डोळे दिपले. रेती पिठासारखी बारीक, आणि उन्हातही पायाला गार.

"माय वं, एवढी रेती!" जाऊ म्हणाली. "आपल्याकडे असती त एका रातीत ट्रॅक्टर लागले असते."

"अन् तलाठ्याले सकाळी नुसता खड्डा दिसला असता," मी म्हटलं.

ती पोट धरून हसली.

पुतणी नारळपाणी आणायला गेली. जाताना बजावून गेली, "मोठीआई, मी येतवरी पाण्यात उतरू नका."

कार्तिक महिना होता. गावी असलो की कार्तिकात आम्ही सकाळी नदीवर जातो. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, सूर्याकडे तोंड करायचं, ओंजळीनं तीनदा अर्घ्य द्यायचं आणि मग बुडी मारायची. सासूनं लावलेली सवय. त्या वर्षी प्रवासामुळे खाडा पडला होता.

"बाई, एवढं पाणी समोर अन् आपलं कार्तिकाचं नहाणं चुकून राह्यलं," जाऊ म्हणाली.

"मंग चाल," मी म्हटलं.

मोठी मी. नको म्हणायचं तर मीच म्हणायला पाहिजे होतं.

पाणी कोमट होतं. गुडघ्यापर्यंत गेलो. जाऊ समुद्राकडे तोंड करून उभी राहिली, तर मीच तिला खांद्याला धरून फिरवलं. "तिकडे काय पाह्यतं? सूर्य इकडे हाय." सूर्य किनाऱ्यामागच्या झाडांवर आला होता. दोघी झाडांकडे तोंड करून उभ्या राहिलो. समुद्र पाठीमागे.

पहिलं अर्घ्य दिलं. दुसरं दिलं. तेवढ्यात शिट्टी वाजली. लाल चड्डीतला एक माणूस किनाऱ्यानं पळत येत होता आणि दोन्ही हात हलवत होता.

"तो आपल्याले म्हणून राह्यला का?" जाऊ म्हणाली.

"लुगड्यात नहायची मनाई असन. वाजवू दे त्याले. तू आपलं अर्घ्य पुरं कर."

नदीला पाठ दिली तर नदी मागून अंगावर येत नाही. पूर आला तरी आधी आवाज येतो, पाणी गढूळ होतं, काडीकचरा वाहत येतो. इथं काहीच कळलं नाही. कमरेत धक्का बसला आणि पाय उचलले गेले. मी जावेचा हात पकडला. उठायला गेलो तर पाणी मागे फिरलं आणि टाचांखालची रेती निघून गेली. आमची काळी माती पाय धरून ठेवते. या रेतीत धरायला काही नव्हतं. जाऊ माझ्यापेक्षा आत पडली होती. "हात नोका सोडजा, बाई," ती म्हणाली. मग दुसरी लाट आली.

तो माणूस आधी माझ्याजवळ आला. मी त्याच्या छातीवर हात मारून आत बोट दाखवलं. त्यानं बगलेत एक लाल तरंगती फळी धरली होती, ती घेऊन त्यानं उडी मारली. तो किती वेळ आत होता ते मला सांगता येणार नाही. लुगडं अर्धं सुटलं होतं, ते कोणीतरी माझ्या अंगावर टाकलं.

त्यानं तिला आणून पांढऱ्या रेतीवर टाकलं, तेव्हा तिचे ओठ जांभळे होते. तो तिची छाती दाबत राहिला. तोंडातून फेस आला, मग पाणी, मग खोकला. पुतणी धावत आली.

"मोठीआई, तू संगं होतीस ना? हात नाई का धरला?"

"धरला होता. लाटेनं सोडवला," मी म्हटलं.

बेटावरच्या दवाखान्यात तिच्या नाकाला नळी लावली. फुप्फुसात पाणी गेलं आहे, उद्यापर्यंत काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी बाहेर बाकड्यावर बसले. लुगडं अंगावरच वाळलं, त्यावर मिठाचे डाग उठले. ती मरते की काय याची भीती होती, आणि ती बोलली तर काय, याचीही होती. दोन्हींपैकी मोठी कोणती, हे मी स्वतःला विचारलं नाही. पुतणीनं चहा आणला, तो हातात निवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत बोलावलं. जाऊ उशीला टेकून बसली होती. पुतणी तिचे पाय चेपत होती. जावेनं माझ्या हाताकडे पाहिलं.

"बाई, जलमभर कापूस वेचला तुम्ही. म्हशीचा दोर सुटत नाई तुमच्या हातातून. मंग माहा हात कसा सुटला?"

पुतणी म्हणाली, "आई, लाटेनं..."

"म्या सोडला," मी म्हटलं. "दोघी गेलो असतो. म्हणून सोडला. अन् भेव वाटलं म्हणून सोडला."

पुतणीचे हात थांबले. जावेनं भिंतीकडे तोंड केलं. बाहेर कोणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"पाणी द्या," जाऊ भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली.

मी पेला तिच्या तोंडाशी धरला. ती दोन घोट प्याली.

सहाव्या दिवशी तिला घरी सोडलं. त्या सकाळी पाण्यात आम्ही दोघी होतो. दोघी वाचलो.