हातावरची इंद्रायणी

दिवेवाल्या मावशी सुई हातात घेण्याआधी स्वतःचा हात पुढे करायच्या. पोर कितीही रडत असो, नियम एकच. शिरा दाखवणाऱ्या दिव्याखाली आपली मूठ धरायची, हिरव्या उजेडात काळ्या रेषा उमटल्या की म्हणायचं, "ही बघ माजी इंद्रायनी, ही पवना. आता तुजी कुटं दडलीय, बघू?"

मावशी कुसगावच्या, या दोन नद्यांच्या मुलखातल्या. तळेगावात मुलांच्या वॉर्डात नर्स होत्या, पण कुणी सिस्टर म्हटलं की फणकारायच्या, "सिस्टर कसली? मावशी म्हन!"

माझ्या ओवीला थॅलेसेमिया. दर महिन्याला रक्त चढवलं तरच पोर हसणार-खेळणार. टोचून टोचून तिच्या शिरा सापडेनाशा झाल्या होत्या. तिला दाबून धरताना माझाच जीव जायचा. हा दिवा आला तेव्हा वाटलं, सुटलो बाई! पण ओवी त्यालाही घाबरून पलंगाखाली शिरली. मावशी फतकल मारून जमिनीवर बसल्या, दिवा खाली घेतला आणि त्याच्या उजेडात आपला हात पलंगाखाली सरकवला. मी ओवीवर ओरडणार, तोच त्यांनी मलाच दटावलं, "घाई करू नगा, ताई. दिव्याला शीर दिसती, पोराचं भ्या न्हाई दिसत."

मी फटकळ बाई, पण मीही त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. बऱ्याच वेळाने ओवीचा हात आपणहून बाहेर आला.

गेल्या वर्षी मावशींनाच कॅन्सर झाला. देवाला दुसरं कुणी मिळालं नाही का? केमोने त्यांच्या शिरा पार सुकल्या. तरी ओवीच्या रक्ताच्या दिवशी त्या भिंतीला धरून वॉर्डात आल्या आणि नेहमीसारखी मूठ दिव्याखाली धरली. रेषा काही उमटेनात. ओवीने तो हात उलटासुलटा करून पाहिला.

"मावशी, इंद्रायणी कुठंय?"

"आटली गं बाय. तुजी हाय न्हवं? मग झालं."

ओवीने निमूट हात पुढे केला. मी तोंड फिरवून रडले.

दिवाळीआधी मावशी गेल्या. पुढच्या खेपेला ओवी दोन्ही हात पाठीमागे लपवून बसली. नव्या सिस्टरने दिवा लावला, गोडीगुलाबीने समजावलं. छे! शेवटी ओवीच म्हणाली, "आधी तुमचा."

सिस्टर गोंधळली. मी खुणावलं, तशी तिने मूठ दिव्याखाली धरली. ठळक रेषा उमटल्या. ओवी कितीतरी वेळ त्यांच्यावरून बोट फिरवत राहिली. मग आपला हात पुढे करून मला म्हणाली, "आई, यांच्या इंद्रायणीला पाणी आहे गं."