कोऱ्या लेटरहेडवरच्या सह्या

मी पाच वर्षं आमदार होतो, हे सांगताना अजून माझं डोकं तापतं. मतदारसंघ राखीव झाला, त्यामुळे भिलाटीतला, म्हणजे आमच्या भिल्लांच्या वस्तीतला कुणीतरी उभा करणं भागच होतं. नानांनी मला निवडलं, कारण मी प्राथमिक शाळेचा मास्तर, खाली मान घालून बोलणारा. नाना म्हणजे तालुक्याचे पुढारी, केळीचे बागायतदार. चारचौघांत ते मला ‘आमदारसाहेब’ म्हणत, घरी ‘अरे’. त्यांच्या बैठकीत सोफा पाहुण्यांना आणि दाराजवळची प्लास्टिकची खुर्ची मला. मी मुकाट्याने तिच्यावर बसायचो.

पहिल्या अधिवेशनाला मुंबईला निघालो, तर नानांनी माझ्याच लेटरहेडचा गठ्ठा पुढे सरकवला. “तू तिकडे, लोक कामं घेऊन इकडे येतील. सह्या करून ठेव.” मी केल्या. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका, असं आयुष्यभर वस्तीला बजावणारा मी, हात दुखेपर्यंत सह्या करत बसलो.

मला एकच काम करायचं होतं. आमच्या वस्तीच्या नाल्यावर फरशी, म्हणजे छोटा पूल. आदल्या पावसाळ्यात बहिणीची सून अडली होती. पाणी उतरेपर्यंत तिला दवाखान्यात नेणारी बाज नाल्याच्या अलीकडेच थांबली आणि बाळ गेलं. यंदा सुनेला पुन्हा दिवस गेले होते. बहिणीला मी शब्द दिला, मंत्रालयात खेटे घातले आणि फरशी मंजूर करून आणली.

परत आलो तर फरशी नानांच्या मळ्याच्या वाटेवर उठत होती. बांधकाम खात्याच्या ऑफिसात साहेबांनी माझंच पत्र दाखवलं: ग्रामस्थांच्या मागणीवरून जागा बदलावी. मी तडक नानांकडे गेलो, ओरडलो. ते वर्तमानपत्रातून डोकंही वर न काढता म्हणाले, “अरे, तुझं पुढच्या बजेटला करू.”

घरी येऊन मी नानांच्या नावाने खडे फोडत होतो. बहिणीने वस्तीतल्या कुणीतरी आणलेली त्या पत्राची झेरॉक्स पुढे धरली. वाचायला तिला मीच शिकवलं होतं.

“भाऊ, हाई सही तुनीच शे ना?”

“हो.”

“मंग नानाले शिव्या कसाले देस?”

दुसऱ्या दिवशी नाला कोरडा असतानाच तिने सुनेला पलीकडे, माहेरी पोचवलं. मला विचारलंही नाही.