शेडच्या तापमानाची वही

आमच्या कंपनीचा हवामान-धोक्याचा अहवाल मी लिहिते. उमरेड रोडवर आमचा प्लास्टिक पाइपचा कारखाना आहे. कंपनीचे शेअर बाजारात आहेत, त्यामुळे बदलत्या हवामानाचा आम्हाला काय धोका आहे हे दरवर्षी छापून जाहीर करावं लागतं. पूर, पाणीटंचाई, उष्णता. प्रत्येकापुढे एक चौकट: जास्त, मध्यम किंवा कमी. धोका सांगा, असा नियम आहे. सांगितल्यावर खरंच काही केलं का, ते बघायला कोणी येत नाही.

पहिल्या वर्षी मी हे काम अगदी जीव ओतून करायला घेतलं. नागपूरची बाई मी, ऊन काय असतं ते मला कोणी शिकवायची गरज नव्हती. शेडच्या मुकादमाला बोलावलं. पन्नाशीचा माणूस, ठेकेदाराकडचा, वीस वर्षं त्याच पत्र्याखाली काढलेली. त्याच्या हातात तापमापक आणि एक जाड वही दिली. म्हटलं, रोज दुपारी दोनला मशीनजवळचा आकडा लिहून ठेवा.

"काहून ताई?"

"वर पाठवायचाय."

"वर गेलं का दुपारची पाळी बंद होईन नं? सकाळी पाचले सुरू करतो आम्ही. माणसं चक्कर येऊन पडून राहिले."

"होईल," मी म्हणाले. कुठल्या अधिकारानं म्हणाले, देव जाणे.

त्यानं मार्चपासून एक दिवस चुकवला नाही. दर शनिवारी दुपट्ट्यानं हात पुसत माझ्या एसीच्या खोलीत यायचा आणि वही उघडून उभा राहायचा. बसा म्हटलं तरी बसायचा नाही, खुर्ची खराब होईल म्हणायचा. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकदा तर पन्नास. शर्टाच्या खिशात कांदा असायचा, उन्हाची लू लागू नये म्हणून आपल्याकडे ठेवतात तसा. मी सही करायची आणि तो खूश होऊन परत त्या भट्टीत जायचा.

जूनमध्ये मुंबईहून सल्लागार आले. वही चाळून म्हणाले, "मॅडम, 'जास्त' लिहिलं तर उपाय काय करणार तेही लिहावं लागेल. गुंतवणूकदार विचारतील." आमचे मॅनेजर साहेब म्हणाले, पाळी बदलायची तर सगळं वेळापत्रक बोंबलतं. मग तोडगा निघाला. शेडचं नाही, सगळ्या आवाराचं सरासरी तापमान धरायचं. म्हणजे कूलर लावलेली कॅन्टीन, साहेबांची केबिन, माझी खोली. माझ्या एसीचा गारवा त्या शेडच्या नावावर जमा झाला.

"बरं, कामगारांसाठी काही उपाय आहेत का?" सल्लागारांनी विचारलं.

माझं डोकं फिरलं होतं. "आहे ना! खिशात कांदा ठेवतात."

त्यांनी मान डोलावली आणि टाइप केलं: 'स्थानिक पारंपरिक उष्णतारोधक पद्धतींना प्रोत्साहन.' अरे बाप्पा, मी चिडून बोलले होते! ते जसंच्या तसं छापून आलं.

पण उष्णतेपुढच्या चौकटीत 'कमी' हा शब्द मी भरला. नोकरी जाईल अशी धमकी कोणी दिली नव्हती. नुसते सगळे माझ्याकडे बघत होते, चहा थंड होत होता, आणि मी भरून मोकळी झाले. इतक्या स्वस्तात विकली जाईन असं मला वाटलं नव्हतं.

पुढच्या एप्रिलमध्ये मुकादम अर्ज घेऊन आला. दुपारची पाळी बंद करा, खाली शेडमधल्या सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे. साहेबांनी फळीवरून छापील अहवाल काढला आणि मोठ्यानं वाचला: "उष्णतेचा धोका: कमी. बघा, नियमानुसार छापलंय. तुमच्यासाठी मी खोटं पाडू काय हे?" मी तिथेच बसले होते, हातातला पेन उघडत आणि मिटत.

बाहेर व्हरांड्यात त्यानं मला गाठलं. "ताई, मी त पन्नास लिहून देलं होतं. हे कोणं लिहिलं?"

"मुंबईच्या लोकांनी."

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. मला तो चेहरा सहन होत नाही, अजूनही नाही. "तेच म्हटलं! तुम्ही असं लिहूच शकत नाही. माझं अक्षर समजलं नसन त्याइले. यंदा मोठ्या अक्षरात लिहितो."

मे महिन्यात, दुपारी अडीचच्या सुमारास, तो मशीनजवळ कोसळला. खिशातला कांदा घरंगळत मशीनच्या पट्ट्याखाली गेला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. कागदावर हृदयविकार आला. माणूस ठेकेदाराचा, म्हणजे आमच्या अहवालात तो नव्हताच.

तेरवी झाल्यावर त्याची बायको त्याचं ओळखपत्र जमा करायला गेटवर आली. ते घेणारे दुसरेच होते, पण तिनं मला बोलावून घेतलं. पिशवीतून वही काढली.

"ते म्हणत, वही ताईलेच द्यायची, दुसऱ्या कोणाले नाही. त्या वर पाठवतात."

मी तिच्यासमोरच पानं उलटली. एप्रिलपासून एकही दिवस सुटला नव्हता. पहिलीतलं पोर लिहितं तसे मोठे, सुटे, गिरवलेले आकडे होते. शेवटच्या पानावर तो पडला त्या दिवसाची तारीख होती. दुपारी दोन. एकोणपन्नास.

"पाठवसान नं, ताई?"

"हो," मी म्हणाले.

वही माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. आणि त्या जूनमध्ये मी त्याच चौकटीत पुन्हा 'कमी' लिहिलं.